तीस हजारांचा आकडा: अफगाणिस्तानात जादा सैन्य पाठवण्यावरून २००९ मध्ये झालेला वाद

प्रकरणाची मर्यादा

२००९ च्या सप्टेंबरपासून १ डिसेंबरपर्यंत वॉशिंग्टनच्या सत्तावर्तुळात एकाच प्रश्नावर खल चालला होता: अफगाणिस्तानात आणखी किती सैनिक पाठवायचे. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अखेर ३० हजार हा आकडा जाहीर केला. आकडा बरोबर होता की चूक, याचा निवाडा इथे करायचा नाही. त्या आकड्यापर्यंतची वाट कशी आखली गेली आणि वाटेत कोणते प्रश्न मागे पडले, एवढेच तपासायचे आहे. सार्वजनिक पदांवर असलेले राजकारणी, मुत्सद्दी आणि सेनाधिकारी यांची नावे घेतली आहेत. बाकीच्यांचा उल्लेख केवळ पदाने केला आहे.

पार्श्वभूमी

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अवघ्या आठवड्याभरात अमेरिकी काँग्रेसने बळाचा वापर करण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना दिली. सिनेटमध्ये विरोधात एकही मत पडले नाही आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असा कौल होता. त्या ठरावात मुदत नव्हती, देशाचे नाव नव्हते, सैन्यसंख्येवर मर्यादाही नव्हती. त्यामुळे आठ वर्षांनंतर सैन्य वाढवण्याचा प्रश्न आला तेव्हा काँग्रेसची नवी परवानगी घेण्याची कायद्याने गरजच उरली नव्हती.

मधल्या काळात इराकच्या युद्धाने माणसे, पैसा आणि लक्ष तिन्ही ओढून घेतले. ओबामांनी नंतर भाषणात सांगितल्याप्रमाणे, त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा अफगाणिस्तानात ३२ हजारांहून थोडे अधिक अमेरिकी सैनिक होते, तर इराकमध्ये युद्ध ऐन भरात असताना ही संख्या १ लाख ६० हजारांवर गेली होती. निवडणूक प्रचारात इराकचे युद्ध चुकीचे आणि अफगाणिस्तानचे युद्ध आवश्यक, अशी मांडणी ओबामांनी केली होती. युद्धविरोधी उमेदवार दुबळा ठरतो या आक्षेपावर ती मांडणी सोयीची होती, पण निवडून आल्यावर तीच त्यांच्या पायात अडकली.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी त्यांनी १७ हजार सैनिकांची पहिली कुमक मंजूर केली. युद्धाचे धोरण मात्र त्यानंतर, म्हणजे २७ मार्चला, जाहीर झाले आणि त्याबरोबर ४ हजार प्रशिक्षकांची भर पडली. आधी सैन्य आणि मग धोरण असा हा उलटा क्रम तेव्हा फारसा कुणाला खटकला नाही, कारण अफगाणिस्तानात ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि तिच्या बंदोबस्ताची घाई होती. मे महिन्यात संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तिथले सेनाप्रमुख डेव्हिड मॅककिअर्नन यांना बाजूला करून स्टॅन्ली मॅकक्रिस्टल यांची नेमणूक केली आणि त्यांना परिस्थितीचा नव्याने आढावा घ्यायला सांगितले.

पेच कसा तयार झाला

मॅकक्रिस्टल यांचा ६६ पानांचा अहवाल ३० ऑगस्टला तयार झाला. येत्या बारा महिन्यांत पुढाकार हाती घेता आला नाही, तर बंडखोरांना हरवणे पुढे शक्यच होणार नाही, असा त्याचा गाभा होता. २१ सप्टेंबरला हा गोपनीय अहवाल एका मोठ्या दैनिकात प्रसिद्ध झाला, तोपर्यंत ओबामांच्या सल्लागारांच्या बैठका जेमतेम सुरू झाल्या होत्या. अहवाल कुणी फोडला याची चर्चा बरीच झाली. अहवाल फुटल्याने वादाची चौकट बदलली, हे अधिक महत्त्वाचे. सेनापती वाचवायला निघाला आहे आणि राष्ट्राध्यक्ष वेळ घालवत आहेत, असे चित्र पहिल्याच दिवशी उभे राहिले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी चालढकलीचा आरोप उघडपणे केला. ज्या राजवटीने अफगाणिस्तान सात वर्षे दुय्यम मानले, तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने हा आरोप करावा, हे त्यातल्या त्यात विनोदी होते.

त्याच सुमारास दुसरा आधारही ढासळला. २० ऑगस्टच्या अफगाण निवडणुकीत सत्तेवर असलेले अध्यक्ष हमीद करझाई यांच्या बाजूने झालेला गैरप्रकार इतका उघड होता की, तक्रार आयोगाने मते बाद केल्यावर ते पन्नास टक्क्यांच्या खाली आले. ७ नोव्हेंबरला दुसरी फेरी ठरली, प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी १ नोव्हेंबरला माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी करझाई विजयी घोषित झाले. लोकांचा सरकारवर विश्वास बसवण्यासाठी जे सैन्य पाठवायचे, ते सरकारच असे निवडून आले होते.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबरमधील एका बैठकीत मॅकक्रिस्टल यांनी काबूलहून दूरदृश्य संपर्काद्वारे आपली मोहीम पडद्यावर मांडली: तालिबानचा पराभव करा, लोकवस्ती सुरक्षित करा. बैठकीतील काही जण चकित झाले, कारण मार्चच्या धोरणात लक्ष्य अल कायदा होते आणि तालिबानचा समूळ पराभव कुणी मागितलेला नाही, अशी त्यांची समजूत होती. सेनापतींनी मात्र ते शब्द स्वतःच्या मनाने घातले नव्हते. मार्चच्या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी व्हाइट हाऊसकडूनच जो आराखडा खाली गेला होता, त्यात ‘पराभव’ हाच शब्द होता. महिन्याला अनेक सैनिक मरत असताना युद्धाचे उद्दिष्ट काय, याबद्दल आदेश देणारे आणि आदेश घेणारे यांच्यात सात महिने एकवाक्यता नव्हती, आणि ते उघड झाले एका पडद्यावरच्या दोन ओळींमुळे. माझ्या मते संपूर्ण आढाव्यातला सर्वात मोलाचा क्षण हाच होता. त्यानंतर ‘पराभव’ जाऊन ‘तालिबानची ताकद खच्ची करणे’ ही भाषा आली.

समोर आलेले पर्याय

सेनापतींनी तीन आकडे दिले: सुमारे ८५ हजार, ४० हजार आणि १० ते ११ हजार. ८५ हजार सैनिक उपलब्धच नव्हते, कारण इराकमधून तुकड्या अजून परतायच्या होत्या. १०-११ हजारांत केवळ प्रशिक्षण होणार होते, आणि त्याने भागणार नाही हे मांडणाऱ्यांनीच सांगून ठेवले होते. तीन पर्याय मांडायचे आणि त्यातला मधलाच निवडता येईल अशी तजवीज करायची, ही कार्यालयीन टिपणीची जुनी युक्ती आहे. ओबामांना ती कळत होती. आपल्याला प्रत्यक्षात एकच पर्याय दिला जातो आहे, अशी तक्रार त्यांनी बैठकीत केल्याचे नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांतून दिसते.

उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांची भूमिका वेगळी होती. अल कायदा मुख्यतः पाकिस्तानात आहे, तालिबान हा अफगाण समाजाचाच एक भाग आहे, म्हणून देशभर लोकवस्ती राखत बसण्यापेक्षा दहशतवाद्यांवर नेमके हल्ले आणि अफगाण फौजेचे प्रशिक्षण यांवर भर द्यावा, असे ते मांडत. संयुक्त सेनाप्रमुखांचे उपाध्यक्ष जेम्स कार्टराइट यांच्या साहाय्याने या भूमिकेतून सुमारे २० हजार सैनिकांचा एक संकरित पर्याय तयार झाला, पण लष्करी नेतृत्वाने तो मनापासून पुढे आणला नाही. १ ऑक्टोबरला लंडनमध्ये भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत, असा मर्यादित मार्ग मान्य कराल का, या प्रश्नावर मॅकक्रिस्टल यांनी थोडक्यात नकार दिला. राष्ट्राध्यक्षांपुढे विचाराधीन असलेला पर्याय सेनापतीने परदेशातील व्यासपीठावर निकालात काढला होता. दुसऱ्याच दिवशी कोपनहेगनच्या विमानतळावर, राष्ट्राध्यक्षांच्या विमानात, दोघांची भेट झाली.

गेट्स यांचा प्रवास सर्वात बोलका होता. सोव्हिएत फौजा लाखाच्या वर जाऊनही हरल्या, तेव्हा आपली संख्या वाढवताना आपण परके आक्रमक ठरू, ही भीती त्यांना सुरुवातीला वाटत होती. पुढे, संख्येपेक्षा वागणूक महत्त्वाची, हा सेनापतींचा युक्तिवाद त्यांना पटला आणि ३० हजारांचा तडजोडीचा आकडा त्यांच्याकडून पुढे आला. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन सैन्य वाढवण्याच्या बाजूने होत्या. सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष कार्ल लेव्हिन यांचा आग्रह, आधी अफगाण फौज वाढवा आणि मग लढाऊ तुकड्यांचे बोला, असा होता.

अंकगणित इथे थोडे उलगडले पाहिजे. अमेरिकी लष्कराच्या २००६ च्या बंडखोरीविरोधी नियमपुस्तिकेत दर हजार लोकांमागे २० ते २५ सुरक्षा सैनिक असे प्रमाण दिले आहे. अफगाणिस्तानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास धरली तर गरज निघते किमान सहा लाखांची. अमेरिकेचे त्या वेळचे ६८ हजार, मित्रराष्ट्रांचे सुमारे ४० हजार आणि नवे ४० हजार मिळूनही बेरीज दीड लाखाच्या आतच राहते. उरलेली जागा भरण्यासाठी मॅकक्रिस्टल यांना २ लाख ४० हजार सैनिक आणि १ लाख ६० हजार पोलीस, अशी चार लाखांची अफगाण फौज हवी होती. म्हणजे ४० हजार अमेरिकनांवर तीन महिने वाद झाला, पण सगळा डोलारा उभा होता तो अजून भरती न झालेल्या, अक्षरओळख शिकवाव्या लागणाऱ्या आणि स्वतःच्या सरकारला कधीच पगार देता न येणाऱ्या माणसांवर. अर्थसंकल्प कार्यालयाने एका सैनिकामागे वर्षाला सुमारे १० लाख डॉलर खर्च धरला होता. सेनापतींची योजना आणि देशउभारणी मिळून दहा वर्षांचा अंदाज एक लाख कोटी डॉलरपर्यंत जात होता. हा कागद पाहून ओबामा हादरले, असे सांगितले जाते.

काँग्रेसमधील हालचाल

राजकीय गणित विचित्र होते. राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा डेमोक्रॅटिक पक्ष नाराज होता आणि सैन्यवाढीला खरा पाठिंबा जॉन मॅककेन, लिंडसे ग्रॅहम अशा रिपब्लिकन सिनेटरांचा होता. आरोग्यविमा विधेयक त्याच महिन्यांत काँग्रेससमोर होते. ज्या सदस्यांची मते तिथे हवी होती तेच युद्धावर चिडलेले होते. सभापती नॅन्सी पेलोसी यांनी आपल्या सदस्यांत यासाठी फारसा उत्साह नाही हे स्पष्ट सांगितले.

प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष डेव्हिड ओबी यांनी नोव्हेंबरमध्ये एक सरळ प्रश्न विचारला: युद्ध इतके आवश्यक असेल तर त्याचे पैसे आजच्या करदात्याने का देऊ नयेत? उत्पन्नानुसार चढत जाणारा युद्ध-अधिभार त्यांनी विधेयकाद्वारे सुचवला. तो मंजूर होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होते, आणि तो झालाही नाही. तरीही त्या शरद ऋतूत सैनिकांच्या कुटुंबांबाहेरच्या नागरिकाकडे काही मागणारा हा एकमेव ठळक प्रस्ताव होता.

निर्णय आणि कार्यवाही

२९ ऑक्टोबरच्या पहाटे ओबामा डोव्हरच्या हवाई तळावर गेले. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या १८ अमेरिकनांच्या शवपेट्या, म्हणजे १५ सैनिक आणि अमली पदार्थविरोधी खात्याचे ३ कर्मचारी, त्या रात्री विमानातून उतरवल्या जात होत्या. तोवरच्या युद्धातला अमेरिकेसाठी तो सर्वाधिक प्राणहानीचा महिना होता. या भेटीने निर्णय कुठल्या बाजूला झुकला हे सांगता येणार नाही. पुढच्या बैठकांत मात्र किती सैनिक जाणार याबरोबर ते परत कधी येणार, हा प्रश्न वारंवार येऊ लागला.

११ नोव्हेंबरच्या बैठकीत ओबामांसमोर सैन्यसंख्येचा आलेख ठेवला गेला. सैन्य सावकाश चढत शिखरावर जाणार आणि अनेक वर्षांनी पुन्हा आजच्याच पातळीला येणार, अशी ती घंटेच्या आकाराची रेषा होती. हा आलेख डावीकडे सरकवा, असे त्यांनी सांगितले: लवकर पाठवा, लवकर आणा. निर्णयाला आकार इथे आला. दीड वर्षात पोचणारे सैन्य सहा ते आठ महिन्यांत पोचावे आणि जुलै २०११ पासून परत यायला लागावे, असे ठरत गेले. चार लाखांच्या अफगाण फौजेचे उद्दिष्ट त्यांनी स्वीकारले नाही. वर्षागणिक आढावा घेऊन वाढ ठरवायची, असा मार्ग धरला.

२९ नोव्हेंबरच्या रविवारी गेट्स, संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष माइक मुलन आणि मध्य विभागाचे प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात बोलावून निर्णयाच्या अटी लेखी स्वरूपात समोर ठेवल्या गेल्या आणि प्रत्येकाकडून होकार घेतला गेला. मार्चमधल्या ‘पराभव’ शब्दाचा धडा या लेखी अटींमागे होता, हे उघड आहे. दोन दिवसांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत करड्या गणवेशातील छात्रांसमोर भाषण झाले: ३० हजार सैनिक, पहिल्या वर्षाचा खर्च सुमारे ३० अब्ज डॉलर, अठरा महिन्यांनी परतीची सुरुवात. त्यानंतर नऊ दिवसांनी ओबामांनी ओस्लोमध्ये शांततेचे नोबेल स्वीकारले.

परिणाम

फेब्रुवारी २०१० मध्ये हेल्मंड प्रांतातील मार्जा येथे नव्या धोरणाची पहिली मोठी चाचणी झाली. तालिबानला हुसकावल्यावर बसवण्यासाठी सरकार पेटीत तयार आहे, असे मॅकक्रिस्टल म्हणाले होते. गाव काही आठवड्यांत ताब्यात आले, पण पेटीतून फारसे काही निघाले नाही. कारभारासाठी नेमलेला अफगाण अधिकारी अनेक वर्षे परदेशी राहून आलेला होता आणि काही महिन्यांतच त्याला बदलावे लागले. मे महिन्यात मॅकक्रिस्टल स्वतःच मार्जाला रक्तस्राव करणारा व्रण म्हणाले. जूनमध्ये, एका नियतकालिकात त्यांच्या सहकाऱ्यांची नागरी नेतृत्वाविषयीची शेरेबाजी छापून आल्यावर, त्यांना पद सोडावे लागले.

काँग्रेसमध्ये मार्च २०१० चा माघारीचा ठराव ६५ विरुद्ध ३५६ मतांनी पडला. जुलैमध्ये जादा खर्चाचे विधेयक ३०८ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झाले; विरोधातील ११४ पैकी १०२ मते राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची होती. समितीचे अध्यक्ष म्हणून ओबींनी ते सभागृहात आणले आणि सदस्य म्हणून त्याच्या विरोधात मत दिले.

सैन्यसंख्या एक लाखाच्या आसपास गेली. हेल्मंड आणि कंदाहारच्या काही भागांत तालिबान मागे हटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये सुमारे ५०० अमेरिकी सैनिक मारले गेले; संपूर्ण युद्धातील ते सर्वात घातक वर्ष ठरले. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेन पाकिस्तानातील ॲबटाबाद येथे एका छोट्या विशेष पथकाकडून मारला गेला, आणि पुढच्याच महिन्यात ओबामांनी ३३ हजार सैनिक परत आणण्याचे वेळापत्रक जाहीर केले. सप्टेंबर २०१२ पर्यंत ही कुमक परतली. अफगाण फौज कागदावर तीन लाखांच्या पुढे गेली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिली प्रांतिक राजधानी पडल्यापासून काबूल पडेपर्यंत नऊ दिवस लागले. तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये बायडन होते.

वेगळे काय करता आले असते

दिरंगाई झाली, ही टीका मला पटत नाही. तीन महिने लागले नसते तर उद्दिष्टाबद्दलचा गोंधळ उघडच झाला नसता. घाई झाली ती फेब्रुवारीत. १७ हजारांचा निर्णय धोरण ठरेपर्यंत पाच-सहा आठवडे थांबला असता, तर सप्टेंबरमध्ये आधीच गुंतलेल्या सैन्याला वाऱ्यावर कसे सोडायचे, हा युक्तिवाद इतका वजनदार झाला नसता.

परतीच्या तारखेबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. मॅककेन यांचा आक्षेप होता की, शत्रूला दिवस मोजता येतील. व्हाइट हाऊसचे उत्तर होते की, तारखेमुळे करझाई सरकार कामाला लागेल. तारीख एकच, पण ऐकणारे चार: अमेरिकी मतदार, काबूल, तालिबान आणि पाकिस्तान. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ काढला. काबूलने तर ती इशारा म्हणून घेतलीच नाही, कारण तारीख चुकली किंवा पाळली तरी काबूलच्या वागण्याशी तिचा संबंध जोडलेला नव्हता. तुकड्या एकदम मंजूर करण्याऐवजी प्रांतांतील नेमणुका किंवा निवडणूक आयोगाची रचना अशा तपासता येणाऱ्या गोष्टींशी टप्प्याटप्प्याने बांधल्या असत्या, तर त्या तारखेला धार आली असती. अर्थात अट मोडली तर सैन्य खरोखर रोखण्याची तयारी लागली असती, आणि ती वॉशिंग्टनमध्ये होती असे वाटत नाही.

काँग्रेसकडे नवा ठराव नेला असता तर बहुधा तो रिपब्लिकनांच्या मतांवर मंजूर झाला असता आणि राष्ट्राध्यक्षांना ते अडचणीचे गेले असते. पण मुदत आणि उद्दिष्ट दोन्ही कायद्यात लिहिली गेली असती, आणि पुढील प्रत्येक वाढीला पुन्हा दार ठोठवावे लागले असते. ऑगस्ट २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सैन्य पुन्हा वाढवले तेव्हा २००१ चाच ठराव पुरला.

झाबुल प्रांतात काम करणाऱ्या एका नागरी अधिकाऱ्याने सप्टेंबरमध्येच राजीनामा दिला होता. हा माणूस आधी इराकमध्ये लढलेला होता. अमेरिका अफगाणिस्तानातील जुन्या अंतर्गत भांडणात एक बाजू घेऊन बसली आहे, आणि आपले सैनिक कशासाठी मरत आहेत हे त्यांच्या घरच्यांना सांगता येत नाही, असे त्याचे कारण होते. वरिष्ठांनी त्याला मोठ्या पदाचा देकार देऊन थांबवण्याचा प्रयत्न केला. माणूस मौल्यवान आहे हे त्यांना कळले होते. त्याचा प्रश्न मात्र बैठकांच्या विषयपत्रिकेवर त्या रूपात आला नाही.

तोच प्रश्न अधिक अधिकाराने काबूलमधील राजदूत कार्ल आयकेनबेरी यांनी मांडला. ते निवृत्त लेफ्टनंट जनरल होते आणि २००५ ते २००७ या काळात तिथल्या अमेरिकी फौजांचे नेतृत्व त्यांनीच केले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी दोन गोपनीय संदेश पाठवले. करझाई हे विसंबण्याजोगे भागीदार नाहीत, जादा सैन्याने अफगाण अधिक परावलंबी होतील, पाकिस्तानातील आसरे कायम राहतील, असे त्यांनी लिहिले आणि नागरी व लष्करी तज्ज्ञांच्या मंडळाकडून सर्व पर्यायांचा व्यापक अभ्यास करून घ्यावा, असे सुचवले. या संदेशांचा सुगावा वृत्तपत्रांना लागला. चर्चा रंगली ती राजदूत आणि सेनापती यांच्यातील वितुष्टाची, संदेशातील मुद्द्यांची नव्हे. त्यांनी सुचवलेले मंडळ नेमले गेले नाही. जानेवारीच्या अखेरीस ते संदेश शब्दशः छापून आले, तेव्हा कुमकेतील पहिले मरीन सैनिक हेल्मंडमध्ये उतरून महिना होत आला होता.